तारा : चांदणी की तारून नेणारी?

मुलीचं नाव तारा ठेवलं की ‘म्हणजे चांदणी’ एवढं सांगून बहुतेक जण मोकळे होतात. वालीची तारा आणि बृहस्पतीची तारा वाचकांना ठाऊक आहेतच. ऋग्वेदात ‘ताऱ्यांनी’ या अर्थी ‘स्तृभिः’ असं रूप येतं. त्यातला ‘स’ पुढे ‘तारा’त गळाला, फारसीच्या ‘सितारा’त आणि इंग्रजीच्या ‘स्टार’मध्ये टिकला.

खरा घोळ तारा या बौद्ध देवीपाशी आहे. तिचं नाव ‘तॄ’ धातूशी जोडलं जातं: तरणे, पैलतीर गाठणे. जावा बेटावरच्या कलसन मंदिराचा इ.स. ७७८चा संस्कृत शिलालेख तिला वंदन करताना ‘तारयति’ हेच क्रियापद वापरतो. दुःखाच्या भवसागरात बुडालेल्या लोकांना ती तारते. संस्कृतात चांदणी आणि तारणारी एकाच शब्दात सुखाने नांदतात, कुणाला निवड करावी लागत नाही. तिबेटी भाषांतरकारांना मात्र ती करावी लागली. ताऱ्यासाठी त्यांच्याकडे ‘करमा’ हा शब्द तयार होता. तो बाजूला ठेवून त्यांनी सोडवणारी या अर्थाचा ‘डोलमा’ घेतला, आणि आजही तिबेटी मुलींचं ते अगदी नेहमीचं नाव आहे. चिनीत दोन्ही वाटा दिसतात: आवाज राखणारं ‘दुओलुओ’ आणि अर्थ सांगणारं ‘दूमू’, म्हणजे पैलतीरी नेणारी आई. तिबेटी निवड मला रास्त वाटते, तरी तिच्यामुळे चांदणी हरवली हे खरंच. (तारा म्हणजे बुबुळ असाही अर्थ आहे. ही देवी अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या अश्रूतून जन्मली, या कथेशी तो जोडून पाहायचा मोह होतो.)

आयर्लंडच्या मीथ परगण्यातली तारा टेकडी या सगळ्याच्या बाहेरची. आयरिश नाव ‘तेवर’सारखं काहीतरी ऐकू येतं, इंग्रजांनी त्याच्या षष्ठीच्या रूपावरून ‘टारा’ केलं. त्याचा अर्थ जिथून दूरवरचं दिसतं अशी जागा, की आखून वेगळी काढलेली पवित्र जागा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलीचं नाव म्हणून ते रुळलं विसाव्या शतकात. १९३६च्या एका अमेरिकी कादंबरीत आयरिश स्थलांतरिताच्या मळ्याला या टेकडीचं नाव होतं, १९३९मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि ते घरोघरी पोचलं.

नावांच्या याद्या आपली तारा आणि आयरिश टारा या दोघींना एकाच ओळीत बसवतात आणि अर्थ देतात ‘तारा, टेकडी’. देवनागरीत तारा आणि टारा वेगळ्या दिसतात, रोमन लिपीत मात्र दोघींची अक्षरं तंतोतंत तीच.