कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये की हेडवर? वादामागची पार्श्वभूमी

इंजिनात हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह, आणि त्या उघडणारा फिरता दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. तो इंजिनच्या धडात (ब्लॉकमध्ये) ठेवावा की वरच्या भागात (हेडवर), यावर जुना वाद आहे. शेवरोले आणि फोर्डच्या व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलेंडर) इंजिनांची तुलना निघाली की बोलणं हटकून ‘लिटरमागे अश्वशक्ती किती’ यावर येतं. मला हे माप अपुरं वाटतं. त्याचं मूळ इंजिनात कमी आणि करात जास्त आहे.

ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवरचा कर सिलेंडरच्या व्यासावरून ठरू लागला. स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) कितीही असो, हिशेबात नाही! साहजिकच तिथली इंजिनं अरुंद बोअरची (व्यासाची), लांब स्ट्रोकची झाली. जपानमध्ये कराचे टप्पे सीसीवर (सिलेंडरांच्या एकूण आकारमानावर; हजार सीसी म्हणजे एक लिटर) बसले. थोड्या सीसीत जास्त ताकद हवी तर इंजिन जोरात फिरवायला हवं. पण आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढले की पुशरॉड (ब्लॉकमधल्या कॅमशाफ्टची हालचाल वर पोचवणारी कांडी) आणि रॉकर (ती हालचाल व्हॉल्व्हवर दाबणारा तरफेसारखा भाग) यांचं वजन नडतं आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर परत बसवू शकत नाही. म्हणून कॅमशाफ्ट थेट हेडवर, व्हॉल्व्हच्या जवळ. ही युक्ती नवी नव्हतीच. प्यूजोच्या १९१२ च्या रेसिंग कारमध्ये हेडवर दोन कॅमशाफ्ट आणि दर सिलेंडरला चार व्हॉल्व्ह होते. त्यामुळे पुशरॉडला सरसकट जुनाट ठरवणं मला पटत नाही.

अमेरिकेत सीसी वाढवायला असा जाच फारसा नव्हता. शेवरोलेने १९५५ मध्ये आणलेल्या स्मॉल-ब्लॉक नावाच्या व्ही-८ मध्ये एकच कॅमशाफ्ट होता, व्हीच्या बेचक्यात, आणि त्यावरून १६ पुशरॉड वर जात. १९९७ च्या शेवरोले कॉर्व्हेटसाठी एलएस-१ इंजिन नव्याने आखताना शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने तीच मांडणी ठेवली, शेजारच्या दोन सिलेंडरांच्या केंद्रांमधलं ४.४ इंचांचं अंतरसुद्धा. फोर्डने मात्र १९९१ च्या आपल्या लिंकन टाउन कारपासून ओव्हरहेड कॅमची (हेडवरच्या कॅमशाफ्टची) वाट धरली होती.

आता आकडे पाहा. १९९६ च्या फोर्ड मस्टँग कोब्राचं ४.६ लिटरचं इंजिन : चार कॅमशाफ्ट, ३२ व्हॉल्व्ह, ३०५ अश्वशक्ती. एलएस-१ : ५.७ लिटर, एक कॅमशाफ्ट, १६ व्हॉल्व्ह, ३४५ अश्वशक्ती. लिटरमागे फोर्ड पुढे, यात शंका नाही. पण बॉनेटखाली लिटर बसवायचे नसतात, अख्खं इंजिन बसवायचं असतं. दोन-दोन कॅमशाफ्टची हेड रुंद आणि उंच होतात, पुशरॉडवाल्याचं हेड आटोपशीर राहतं आणि बॉनेट खाली ठेवता येतं. सीसी कमी म्हणजे इंजिन लहान, हे गृहीतक इथेच कोसळतं.

पुशरॉडची खरी अडचण वेगळी आहे. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचे कॅम एकाच शाफ्टवर असल्याने दोन्हींचं टायमिंग (उघडण्या-मिटण्याची वेळ) स्वतंत्रपणे बदलणं अवघड जातं. धुराचे नियम कडक होत गेले तसा हा मुद्दा जड होत गेला.

पुढे दोघांनी एकमेकांची वाट चोखाळली. फोर्डने २०२० मध्ये अवजड पिकअपसाठी ७.३ लिटरचं पुशरॉड इंजिन आणलं. तिथे इंजिन गरगर फिरण्यापेक्षा कमी आरपीएमवर ओझं ओढणं महत्त्वाचं. २०२३ च्या कॉर्व्हेट झेड-०६ मध्ये जनरल मोटर्सने ८६०० आरपीएमपर्यंत जाणारं ५.५ लिटरचं इंजिन बसवलं, चार कॅमशाफ्टचं.