पेशी फुगली की पेशी वाढल्या? 'चरबी वाढली' म्हणजे नक्की काय झालं

आपण सरसकट म्हणून टाकतो, चरबी वाढली. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक म्हणजे आहे त्याच चरबीच्या पेशी फुगणं आणि दुसरी म्हणजे नव्या पेशी तयार होणं. पहिलीला हायपरट्रॉफी म्हणतात, दुसरीला हायपरप्लासिया, आणि नावं इतकी सारखी की परीक्षेत हमखास घोळ होतो. बहुतेकांना वाटतं फुगली तर फुगली, उतरेल परत, पण नव्या पेशी झाल्या म्हणजे संपलंच. मलाही तसंच वाटायचं.

आधी फुगण्याचं बघू, ते सोपं आहे. चरबीची पेशी म्हणजे जवळजवळ सगळा तेलाचा एकच मोठा थेंब, न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) बिचारा कडेला दाबून बसलेला. जास्त खाल्लं की थेंब मोठा, कमी खाल्लं की लहान. मोठी पेशी १०० मायक्रॉनच्या पुढे जाते, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढी. पण इतकी फुगली की ती इन्सुलिनचं ऐकेनाशी होते, फॅटी ॲसिड रक्तात सोडत राहते, काही पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींभोवती मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, गोळा होऊन सूज धरते. मग सांडलेली चरबी जाते कुठे, तर लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, जिथे तिचं काही काम नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि खरी गंमत इथेच आहे. भरलेली चरबीची पेशी स्वतः विभागून दोन होत नाही, त्यामुळे नवी पेशी हवी तर ती पूर्वज पेशीपासूनच घडवावी लागते. या पूर्वज पेशी चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसलेल्या असतात. मुळात ज्या स्टेम सेलपासून हाड किंवा कूर्चासुद्धा होऊ शकते त्यातलीच एखादी चरबीच्या वाटेला लागते, तिला म्हणायचं प्रीॲडिपोसाइट, आणि गंमत म्हणजे तोपर्यंत तिच्यात तेलाचा पत्ताच नसतो, दिसायला साध्या फायब्रोब्लास्टसारखी (म्हणजे सांधणाऱ्या ऊतींतल्या लांबट पेशीसारखी). मग पीपार गॅमा नावाचं प्रोटीन चालू होतं, ते सी-ईबीपी अल्फा या दुसऱ्या प्रोटीनला चालू करतं आणि ते उलट पीपार गॅमाला चालू ठेवतं, दोघं एकमेकांना धरून बसतात म्हणून पेशी सहजी मागे फिरत नाही. त्यानंतर छोटे छोटे थेंब येतात आणि हळूहळू त्यांचा एक होतो.

डायबेटिसवाल्या घरात पायोग्लिटाझोन हे नाव ऐकलं असेल, ती गोळी नेमकी या पीपार गॅमालाच चालना देते. आमच्या नात्यातल्या एका काकांना ती चालू केली तर शुगर उतरली आणि वजन वाढलं, ते वैतागून म्हणाले हे कसलं औषध. पण लिव्हरमधली चरबी कमी होऊन त्वचेखाली जाते, तिथे ठेवायला जागा तयार होते, म्हणून शुगर सुधारते (वजनात थोडं पाणीही असतं, ते वेगळं). उलट लिपोडिस्ट्रॉफी या आजारात चरबीच्या पेशीच नीट नसतात, माणूस काटकुळा, तरी फॅटी लिव्हर आणि डायबेटिस. म्हणजे माझ्या मते तरी पेशी वाढणं हा खलनायक नाही, गरज असताना न वाढणं जास्त त्रासाचं.

मग मोठेपणी नव्या पेशी होतात का? २००८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी फार भारी युक्ती केली. १९५५ ते १९६३ च्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वाढला होता, तो पेशींच्या डीएनएत जातो, आणि कोणत्या वर्षी हवेत तो किती होता त्याच्याशी ताडून त्यांनी पेशींचं वय काढलं. दर वर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, एकूण आकडा लहानपणी आणि किशोरवयातच ठरतो, बॅरिॲट्रिक सर्जरीनंतर (वजन कमी करण्यासाठी पोटावर करतात त्या) वजन उतरलं तरी पेशी फक्त लहान होतात, कमी होत नाहीत. पण हा आकडा अगदी गोठलेलाही नाही हं, २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात लोकांना ८ आठवडे मुद्दाम जास्त खायला घातलं तर पोटावरच्या पेशी फुगल्या आणि मांड्यांवर मात्र नव्या पेशी झाल्या, कोट्यवधींनी.

आपल्याकडे हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ज्याला थिन-फॅट म्हणतात ते हेच शरीर, हातपाय बारीक आणि चरबी पोटात. २००४ मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिनांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दक्षिण आशियाई पुरुषांच्या त्वचेखालच्या चरबीच्या पेशी मोठ्या असतात असंही अभ्यासात दिसलंय, म्हणजे नवे डबे न आणता जुनेच ठासून भरायचे, तसं काहीसं.

वजनकाट्यावर यातलं काही कळत नाही, दोन्हीकडे काटा सारखाच पुढे जातो. पेशींचा आकार बघायचा तर पोटावरून सुईने थोडी चरबी काढून मोजावी लागते, ते संशोधनातच होतं. आपल्यासाठी कंबरेला टेप लावणं आणि बारीक असलो तरी शुगर तपासून घेणं, एवढं घरबसल्या जमण्यासारखं आहे.