शरीर औषधाचे काय करते? एका उशिरा विचारलेल्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१८४२ साली जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये, रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर यांच्या प्रयोगशाळेतल्या केलर नावाच्या तरुणाने रात्री बेंझोइक आम्ल घेतले आणि सकाळची लघवी तपासली. तिच्यात सापडले हिप्युरिक आम्ल. बाहेरून आलेल्या पदार्थाला शरीराने स्वतःजवळच्या ग्लायसीनची जोड दिली होती आणि त्याचे रूपच पालटून टाकले होते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण पोटात गेलेला पदार्थ जसाच्या तसा राहत नाही, याचा इतका साधा पुरावा त्याआधी क्वचितच कुणी दिला असेल.

त्या काळी वैद्यकाचे लक्ष मात्र दुसऱ्या प्रश्नाकडे होते: औषध शरीरावर नेमके कुठे काम करते? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर यांनी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले होते. अफूची एक मात्रा सौम्य, तर तेवढीच दुसरी जालीम निघे. शुद्ध मॉर्फिन तोलून देता येऊ लागले. पुढे क्लोद बेर्नार यांनी क्युरारे हे बाणांना लावायचे विष बेडकावर वापरून पाहिले. मज्जातंतूला विजेचा झटका दिला तरी स्नायू हलेना, स्नायूला थेट दिला की आकसे. म्हणजे विषाचा घाव होता तो दोघांच्या सांध्यावर. १९०५ मध्ये केंब्रिजच्या लँग्ली यांनी पेशींमध्ये औषध ‘स्वीकारणारा’ पदार्थ असतो असे मांडले. आजच्या रिसेप्टरच्या कल्पनेचे मूळ तिथे आहे.

शरीर औषधाचे काय करते, या केलरच्या प्रयोगातून उठणाऱ्या प्रश्नाची निकड पटली ती प्रॉन्टोसिलमुळे. डोमाक यांनी १९३५ मध्ये जाहीर केलेला हा लाल रंग जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना वाचवी, पण परीक्षानळीत जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नसे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी उलगडा केला: शरीर हा रंग तोडते, त्यातून सल्फानिलामाइड सुटते आणि जंतूंना रोखते ते हेच. हा पदार्थ १९०८ पासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता!

अ‍ॅसिटॅनिलाइडची गोष्ट याहून मोठी आहे. १८८६ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये नॅप्थलीनऐवजी चुकून ते रुग्णाला दिले गेले आणि ताप उतरला. औषध चालू लागले, पण काही रुग्णांचे ओठ निळे पडत. १९४८ मध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी कारण शोधले. अ‍ॅसिटॅनिलाइडच्या मोठ्या भागाचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि आराम पडतो तो त्याने. थोड्या भागाचे अ‍ॅनिलीन होते आणि रक्तात प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन बिघडून ओठ निळे पडण्यामागे तेच असते. मग पॅरासिटामॉलच का देऊ नये? १८९३ मध्ये ते वापरून पाहिले गेले होते, पण अपायकारक समजून बाजूला टाकले गेले होते. १९५०च्या दशकात ते बाजारात आले.

पण यकृत पॅरासिटामॉललाही हात लावतेच. नेहमीच्या मात्रेत त्याचा अगदी थोडा अंश विषारी होतो आणि यकृतातले ग्लुटाथिओन त्याला निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथिओन संपते आणि यकृताच्याच पेशी मरू लागतात. या सगळ्या प्रक्रियेला पूर्वी सरसकट ‘विषहरण’ म्हणत. तो शब्द दिशाभूल करणारा होता असे मला ठाम वाटते, कारण यकृत रसायन बदलते. त्यातून कधी विष उतरते, कधी तयार होते, तर कधी औषधच जन्माला येते.

हे बदल घडवणाऱ्या एन्झाइमांच्या मोठ्या कुटुंबाला ओमुरा आणि सातो यांनी १९६२ मध्ये पी-४५० हे नाव दिले. कार्बन मोनॉक्साइड जोडल्यावर ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषते, म्हणून ते नाव. ही एन्झाइमे प्रत्येकात सारखी नसतात. १९७०च्या दशकात लंडनमधले संशोधक रॉबर्ट स्मिथ यांनी सहकाऱ्यांसोबत रक्तदाबाचे डेब्रिसोक्विन घेतले. इतरांना फारसे काही झाले नाही, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र कोसळला. त्यांचे शरीर ते औषध जवळजवळ मोडूच शकत नव्हते.

डेब्रिसोक्विन मोडणारे एन्झाइमच वेदना आणि खोकल्यावरच्या कोडीन या औषधाचे शरीरात मॉर्फिन करते. ते निष्क्रिय असलेल्यांना कोडीनने वेदना फारशा कमी होत नाहीत. ते अतिवेगवान असलेल्यांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, रक्तात इतके मॉर्फिन साठू शकते की श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांना वेदना किंवा खोकल्यासाठी कोडीन देऊ नये असे बजावले ते यामुळेच.