पूर ओसरला, आता पंचनाम्यात नाव आहे का ते बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा पात्र सोडून वाहिल्या. धाराशिव, बीड, लातूरच्या कितीतरी गावांत सोयाबीन तर गेलंच, वावरातली मातीही गेली. मदतीचा अर्ज कुठं करायचा, हे आजही अनेकजण विचारतात. खरं तर सगळं पंचनाम्यावर ठरतं.

तलाठी (म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. त्या वेळी स्वतः वावरात हजर राहा. गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र वाचूनच सही करा. जमीन खरडून गेली असेल तर ती नोंद वेगळी करून घ्या. बरेचजण इथंच चुकतात आणि मोठ्या मदतीला मुकतात.

७ ऑक्टोबर २०२५ ला जाहीर झालेल्या राज्य सरकारच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतची कामं आहेत. पिकांसाठी जिरायतला हेक्टरी ८,५००, हंगामी बागायतला १७,०००, फळबागेला २२,५००, तीन हेक्टरपर्यंत. शिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,०००. दुभतं जनावर दगावल्यास ३७,५००, बैल गेला तर ३२,०००. त्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. जनावर वाहूनच गेलं असेल तर कानातल्या बिल्ल्याचा नंबर सांगून पंचनाम्यातच नोंद करा. घराची पडझड झाली असेल तर मलबा काढायच्या आधी फोटो काढा.

पंचनामा झाला की यादी चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत लागते. नाव नसेल, क्षेत्र कमी लागलं असेल, तर तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नाव असेल तर त्यापुढचा विशिष्ट क्रमांक उतरवून घ्या आणि आधार, मोबाइल घेऊन आपले सरकार केंद्रावर ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करा. ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी क्रमांक असणाऱ्यांना यात सवलत दिलेली आहे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून ते खातं चालू आहे ना, हे बँकेत विचारा. कागद पुरात भिजले असतील तर डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो.

सातबारावरचं खातं सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावकीत अबोला असला तरी ते आधी मिळवा. सातबारावर वारलेल्या वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर मृत्यू दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या, कारण नोटिशीत १५ दिवस जातात. मागं राहिलेल्या बाईनं एकटीनं वावर कसलं, तरी नोंद नसेल तर तिच्या खात्यात पैसे येत नाहीत. अशा घरी गावातल्या शिकलेल्या पोरांनी स्वतःहून जावं.

अनुदान बँकेनं कर्जात वळतं केलं, तर शाखाधिकाऱ्याला लेखी हरकत द्या आणि तिची एक प्रत तहसीलला द्या.