नंबरच्या चष्म्याची भिंगं

नजरेतला दोष भरून काढायला डोळ्यांपुढे बसवतात ती भिंगं, आता बहुतेक प्लॅस्टिकची असली तरी सगळ्यांसाठी काचाच. यांच्या इतिहासातली गंमत म्हणजे चष्मा आधी आला, तो का चालतो हे कळायला तीनशे वर्षं गेली आणि नंबर मोजायची धड पद्धत तर फारच उशिरा आली.

सुरुवात इटलीत, १२८६ च्या आसपास. जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लॉरेन्सच्या प्रवचनात सांगितलं की चष्मा करायची कला सापडून अजून वीस वर्षंही झाली नाहीत. शोधणाऱ्याचं नाव मात्र त्याने घेतलं नाही, त्यामुळे अमक्याने शोध लावला असं कुणी ठासून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ही भिंगं मध्ये फुगीर, म्हणजे चाळिशीचीच. लांबचं न दिसणाऱ्यांसाठी खोलगट भिंगं पंधराव्या शतकात आली. १४६२ मध्ये मिलानच्या ड्यूकने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले, एक डझन लांबचे, एक डझन जवळचे आणि एक डझन चांगली नजर असलेल्यांसाठी, म्हणजे बिननंबरचा चष्मा लावून मिरवणारे तेव्हाही होतेच की!

डोळ्यात प्रतिमा पडद्यावर पडते आणि भिंग ती नेमकी तिथे आणून ठेवतं हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्ये मांडलं. कानावर टेकणाऱ्या काड्या अठराव्या शतकातल्या, तोवर चष्मा नाकावरच तोलायचा किंवा हातात धरायचा. बायफोकलसाठी, म्हणजे वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या भिंगासाठी, अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचं नाव सगळ्यांना माहीत असतं (त्याचा उल्लेख असलेलं त्याचं पत्र १७८४ चं), पण माझ्या मते त्याहून मोठा मान वेगळ्याच भिंगासाठी एअरीला मिळायला हवा. या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला डाव्या डोळ्याने प्रकाशाचा ठिपका रेघेसारखा दिसायचा, म्हणून त्याने १८२५ मध्ये स्वतःसाठी दंडगोल वळणाचं भिंग बनवून घेतलं. आज नंबरच्या कागदावर सिलिंडर -०.७५, ॲक्सिस ९० असं लिहिलेलं असतं ना, ते हेच.

नंबर म्हणजे डायॉप्टर, हे एकक १८७२ मध्ये मोनोये या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाने सुचवलं, त्याआधी इंचांत चालायचं. एक भागिले मीटरमधलं केंद्रांतर (भिंगापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर), इतकंच गणित. +२ चं भिंग उन्हातले किरण अर्ध्या मीटरवर गोळा करतं, आणि -२ वाल्याला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचं सगळं धूसर.

आपल्याकडे सोळाव्या शतकात विजयनगरचे व्यासतीर्थ चष्म्याने पोथी वाचत असा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात आहे. भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर लेख लिहिणारे प. कृ. गोडे पुण्यातल्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर होते, म्हणजे हा विषय पुण्याने आधीच खोदून ठेवलाय.

आता लक्ष्मी रोडच्या दुकानात जड ट्रायल फ्रेम नाकावर चढते, खाचेत एकेक भिंग सरकवत 'हे बरं का ते बरं' चालू होतं, मग दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात, कारण भिंगाचा मध्य बाहुलीसमोर नसला तर नंबर बरोबर असूनही डोकं दुखतं. लांबपासून जवळपर्यंत नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह भिंगात तर (१९५९, फ्रान्स) हे माप आणखीच काटेकोर लागतं. मायनसची काच कडेला जाड होते, प्लसची मध्ये, त्यामुळे नंबर मोठा असेल तर महागडं पातळ भिंग घ्यायच्या आधी फ्रेमच लहान घेऊन बघा.