दमा म्हणजे प्रतिकारशक्तीची कमतरता नव्हे

दमा प्रतिकारशक्ती कमी पडल्याने होतो, म्हणून ती वाढवावी, हा वर्षानुवर्षे पसरलेला समज चुकीचा आहे. बहुतेक रुग्णांत ही यंत्रणा निरुपद्रवी परागकणांवरही नको तितकी चवताळते: पेशी इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे संदेशवाहक रेणू सोडतात, त्यांपैकी १३ मुळे श्वासनलिकेच्या अस्तरात चिकट कफ स्रवणाऱ्या पेशी वाढतात, तर ५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होऊन त्याच अस्तराला इजा करतात आणि सूज आणतात. म्हणूनच तीव्र दम्यासाठी २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले मेपोलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-५ ला अडवते. इन्हेलरमधील स्टेरॉइडही हीच सूज शमवते, आणि प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या ‘ताकदीच्या’ औषधापायी तेच बंद केले जाते, हे मला सर्वांत घातक वाटते.