रस काढल्यावर मागे काय उरतं?
आमची पेक्टिन पावडर, संत्रासालीची पूड आणि द्राक्षबियांचा अर्क घेणाऱ्यांसाठी

फळाचा रस काढला की मागे साल, बिया आणि चोथा उरतो. संत्र्याच्या बाबतीत हा भाग फळाच्या जवळपास निम्म्या वजनाचा भरतो. आमच्या तिन्ही उत्पादनांचा कच्चा माल हाच. "म्हणजे कारखान्याने टाकलेलं आम्ही खायचं का?" असं ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

ऊन, कीड आणि बुरशी यांच्याशी पहिली गाठ सालीची पडते आणि पुढच्या रोपाची सगळी भिस्त बीवर असते. त्यामुळे झाड आपली संरक्षक द्रव्यं तिथेच जास्त साठवतं. द्राक्षातली बहुतेक पॉलिफेनॉल्स (अशाच संरक्षक द्रव्यांचा एक मोठा गट) बियांत आणि सालीत असतात, गरात फार थोडी. जांभळा रंग देणारी अँथोसायनिन्स सालीत, तर तोंड कोरडं करणारी तुरट प्रोसायनिडिन्स मुख्यतः बियांत. संत्रं सोलताना दिसणारा सालीखालचा मऊ पांढरा थर पेक्टिन (जेली घट्ट करणारा, पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ) आणि हेस्पेरिडिन नावाच्या पॉलिफेनॉलने भरलेला असतो. सफरचंदाच्या चोथ्यात पेक्टिनबरोबर फ्लोरिझिन नावाचं पॉलिफेनॉलही सापडतं. ते १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं आणि मधुमेहावरच्या एका अख्ख्या औषधगटाची रचना पुढे याच रेणूवरून सुचली. अर्थात, म्हणून चोथा हे मधुमेहावरचं औषध ठरत नाही.

सगळं अवलंबून असतं ते चोथा किती लवकर हातात घेतला यावर. ताज्या चोथ्यात साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. सफरचंदाचा चोथा ट्रेमध्ये पसरून ठेवला तर हवा लागताच तो तपकिरी पडू लागतो: फळातलीच विकरं पॉलिफेनॉल्स खर्ची घालत असतात. आणखी थांबलात तर आंबूस वास येतो. असा चोथा आम्ही घेत नाही. रस निघाल्याबरोबर तो मंद आचेवर वाळवायला जातो.

पेक्टिन काढायला वाळलेली साल किंवा चोथा आम्ल घातलेल्या गरम पाण्यात ठेवतात. पेक्टिन पाण्यात उतरतं. ते पाणी गाळून त्यात अल्कोहोल ओतलं की स्वच्छ द्रावणातून पांढुरके, लोंबते, जेलीसारखे पुंजके वर येतात. तेच पेक्टिन. ते पिळून, धुऊन, वाळवून दळलं जातं आणि वाळवतानाच उरलेलं अल्कोहोल उडवलं जातं.

सालीबद्दल एक काळजी खरी आहे: फवारणीचे अंश सालीवरच राहतात आणि साल वाळवली की वजनाच्या मानाने ते वाढतात. म्हणून प्रत्येक लॉटची कीटकनाशकं आणि जड धातू यांसाठी तपासणी होते. पाकिटावरचा लॉट क्रमांक कळवा, अहवाल पाठवू. दुसऱ्या कुणाची सालीची पूड घेत असाल, तर त्यांच्याकडेही अहवाल जरूर मागा.

फायद्याचं बोलायचं तर सगळ्यात भक्कम पुरावा पेक्टिनचा आहे. युरोपीय संघाच्या २०१२ च्या नियमावलीनुसार रोज ६ ग्रॅम पेक्टिन कोलेस्टेरॉल योग्य पातळीवर राखायला हातभार लावतं, तर जेवणासोबत १० ग्रॅम घेतल्यास त्यानंतरची रक्तशर्करेची वाढ कमी होते. म्हणजे चिमूटभर घेऊन काही होणार नाही. ग्रॅम मोजा. पावडर भरपूर पाण्यात ढवळून प्या, कोरडी तोंडात टाकू नका. ती फुगते, त्यामुळे गिळायला त्रास होणाऱ्यांनी घेऊच नये.

पॉलिफेनॉल्सबद्दल आम्ही मुद्दाम कमी बोलतो. परीक्षानळीत मोजलेली 'अँटिऑक्सिडंट ताकद' शरीरात तशीच दिसत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने असे आकडे देणारी आपली सूची २०१२ मध्ये याच कारणाने मागे घेतली. शिवाय माणसामाणसांत फरक असतो. डाळिंबाच्या सालीतल्या प्युनिकॅलॅजिन या पॉलिफेनॉलपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचं द्रव्य बनवतात, पण ते सगळ्यांच्याच पोटात बनत नाही. म्हणून आमच्या पाकिटावर असा आकडा छापलेला नाही.

नियमित औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पेक्टिन आणि औषध यांच्यात दोनेक तासांचं अंतर ठेवा. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमरिन्स नावाची द्रव्यं काही औषधांची रक्तातली पातळी धोकादायकरीत्या वाढवतात, म्हणून त्या फळाची साल आमच्या कोणत्याही उत्पादनात नाही.

पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. संत्रासालीच्या पुडीचा रंग लॉटगणिक थोडा बदलतो, त्यात वावगं काही नाही. मात्र गुठळ्या झाल्या किंवा कुबट वास आला तर वापरू नका, आम्ही पाकीट बदलून देऊ.